घरी जाऊन सांगायचं

१८ मे, रविवार

वर गेलो!

कालपासून हे दोनच शब्द तोंडात घोळतायत. एकवीस वर्षांनी हा क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला, आणि नेला कुणी? मी नेला. इथे कुणी वाचणार नाही म्हणून सरळ लिहितो. काल बाहेर सगळ्यांना सांगत सुटलो होतो — श्रेय मुलांचं, श्रेय प्रेक्षकांचं, गवत कापणाऱ्याचंसुद्धा. ते खोटं नाही. पण अकरा जणांनी कुठे उभं राहायचं हे ठरवणारा मॅनेजर मी होतो की नाही?

शेवटच्या मिनिटाचा कॉर्नर खांबाने वाचवला. खांब म्हणजे आमचा कप्तान. बचावात मधोमध उभा असतो, पस्तिशी आली तरी हवेतला चेंडू दुसऱ्या कुणाला लागू देत नाही. डोक्याने चेंडू बाहेर काढला आणि तिथेच पालथा पडला. मला वाटलं, लागलं. धावत जाऊन बघतो तर पठ्ठ्या गवतात तोंड खुपसून रडत होता. मग काय, मीही बसकण मारली. पेपरात तो फोटो आलाय, दोघांचीही नाकं लाल. हिने तो कापून फ्रिजवर लावलाय आणि येताजाता बघून हसते.

२० मे, मंगळवार

अध्यक्षांनी जेवण दिलं. माणूस तसा दिलदार — फरशांचा कारखाना, आवाज मोठा, सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि जमिनीवरून उचलायचा प्रयत्नही केला. नाही उचललो गेलो. सगळे हसले.

मी मजेत होतो. त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, साहेब, कधी मला काढायची वेळ आलीच तर फोनवर काढू नका, घरी या. मग गेटवरची ती जुनी गोष्टही सांगितली. ते म्हणाले, आजच्या दिवशी काय हे अभद्र बोलता, आणि हातावर हात मारला.

माझा करार तीस जूनला संपतो. त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

२२ मे, गुरुवार

आता वाईट काम. वर जायचं म्हणजे काही जणांना खाली सोडून जायचं. चार नावं ठरली. उद्यापासून त्यांच्या घरी.

ही माझी पद्धत. या धंद्यात दुसऱ्या कुणाची नाही, छातीठोक सांगतो. तेवीस वर्षांचा होतो, खांद्यावर बॅग टाकून सरावाला गेलो, तर गेटवरच्या शिपायाने अडवलं. म्हणाला, तुम्हाला आत सोडू नका असं सांगितलंय. त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो माझ्याकडे बघतही नव्हता. वर्षभर ज्यांच्यासाठी पाय झिजवले त्यांच्यापैकी एकालाही गेटपर्यंत यावंसं वाटलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या हातात कधी काही आलं तर असं करायचं नाही.

म्हणून मी घरी जातो. बूट बाहेर काढायचे. देतील ते प्यायचं. त्याच्या माणसांसमोर, त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं. आणि तो उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. कुणी रडतं, कुणी भांडतं. बसून राहायचं.

२५ मे, रविवार

चारही घरं झाली.

दुसऱ्या गोलकीपरची आई जबरदस्त. मी त्याला म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळे इथवर आलो, पण वरचा खेळ वेगळा आहे. आई म्हणाली, वेगळा म्हणजे काय, तिथे चेंडू चौकोनी असतो का? अर्धा तास तिने मला फैलावर घेतलं आणि मग बळेबळे केकचा दुसरा तुकडा खायला लावला. निघताना पोरगा खाली गाडीपर्यंत आला. मिठी मारली. या एका मिठीसाठी मी हजार वेळा जिने चढेन.

परतल्यावर मास्तरला हे सगळं रंगवून सांगितलं. मास्तर म्हणजे माझा सहायक, आधी शाळेत पीटी घ्यायचा. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, पोरं तुमच्या निळ्या गाडीला घाबरतात. कुणाच्या गल्लीत दिसली की सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. म्हणतात, सरांची गाडी दारात आली की सामान बांधायला घ्यावं.

मला लागलंच ते. मी मान द्यायला जातो आणि यांना यमदूत दिसतो!

मास्तर म्हणाला, मान कळतो त्यांना, पण भीती वाटायची ती वाटतेच. मी म्हटलं, वाटू दे. गेटवरच्या शिपायापेक्षा बरं.

२९ मे, गुरुवार

अध्यक्षांच्या ऑफिसात नव्या हंगामाची बैठक. मी तीन माणसं मागितली: मधल्या फळीत एक न थकणारा, डावीकडे एक बचावाला, आणि एक तरुण गोलकीपर. तिघांनाही मी स्वतः जाऊन पाहिलंय, पावसात, उन्हात, कुठल्या कुठल्या मैदानांवर. आमच्या खिशाला झेपतील असेच निवडलेत.

मग अध्यक्षांच्या जावयाने लॅपटॉप उघडला. हे जावई गेल्या वर्षापर्यंत फरशांचे रंग ठरवत होते, यंदा फुटबॉल ठरवतायत. त्यांना तो नावाजलेला स्ट्रायकर हवाय. वय चौतीस, गुडघ्याची दोन ऑपरेशनं. म्हणे त्याच्या नावाचे शर्ट खपतील. मी म्हटलं, शर्ट गोल मारत नाहीत. सगळे हसले, जावई सोडून. मला वाटतं तिथे जीभ आवरायला हवी होती. पण वाक्य चांगलं होतं!

मग खांबाचा विषय. जावयांनी त्याच्या धावण्याचा वेग पडद्यावर दाखवला. वर चालणार नाही म्हणाले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं — तुम्ही ठरवा.

उठता उठता मी माझ्या कराराचं काढलं. अध्यक्ष म्हणाले, होईल हो, घाई काय आहे, आधी संघ तर ठरू द्या. संघाचं मी ठरवायचं आणि माझं कोण ठरवणार?

१ जून, रविवार

पेपरात आलं. 'वरच्या डिव्हिजनसाठी अनुभवी मॅनेजरचा शोध?' खाली टायवाल्याचा फोटो. भर उन्हात मैदानाकडेला टाय लावून उभा असतो तो. गेल्या दोन वर्षांत दोन क्लबांनी काढलाय त्याला, पण वरच्या डिव्हिजनमधून काढलाय ना. तो अनुभव!

शेवटी प्रश्नचिन्ह होतं. ही म्हणाली, प्रश्नचिन्ह आहे तोवर पेपर रद्दीत टाका.

३ जून, मंगळवार

अध्यक्षांना दोनदा फोन. बाहेरगावी आहेत म्हणे. त्यांची गाडी कारखान्यासमोर उभी होती.

५ जून, गुरुवार

ही पर्मनंट झाली!

माझ्यापायी हिने पाच गावं आणि पाच शाळा बदलल्या. दरवेळी खालच्या वर्गांपासून सुरुवात, दरवेळी नव्या मुख्याध्यापकांना गणित शिकवून दाखवायचं. कधी हूं की चूं केलं नाही, असं म्हणवत नाही. भरपूर केलं. पण आली बरोबर. आज हेडबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर जाहीर केलं. संघ वर गेला तेव्हा जेवढी छाती फुगली होती त्याहून आज जास्त फुगली. हे तिला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

संध्याकाळी ही टेप घेऊन खिडक्यांपाशी उभी. आम्ही पडदे नेहमी तयार घेतो, घर बदललं की आखूड पडतात नाहीतर लोळतात. या घरात पहिल्यांदाच मापाने शिवायचे म्हणते. टेपचं टोक धरून विचारलं, "मापं घेऊ ना?"

मी म्हटलं, घे.

८ जून, रविवार

ठरलं. खांब राहणार!

आठवडाभर डोकं खाल्लं स्वतःचं. वेग गेलाय त्याचा, जावई काही खोटं बोलत नाहीत. दर सामन्याला उतरवणार नाही त्याला. पण हरत असताना ड्रेसिंग रूममध्ये आवाज न चढवता बोलणारा माणूस मला हवा. वर गेल्यावर पहिले काही सामने आपण मार खाणार आहोत. तेव्हा पोरं कुणाकडे बघतील? लॅपटॉपकडे?

अध्यक्ष एकदाचे फोनवर सापडले. सांगितलं. 'बघा, तुमची मर्जी' म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. नसू दे.

उद्या जाऊन त्याला स्वतः सांगतो. कधी नव्हे ते चांगलं सांगायला मिळतंय.

९ जून, सोमवार

गाढव आहे मी. शुद्ध गाढव.

तिसऱ्या मजल्यावर राहतो तो. गाडी त्याच्या खिडकीखालीच लावली, शीळ घालत जिना चढलो. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि तिचा चेहरा पडला. 'सर आलेत' एवढंच आत म्हणाली. मुलांना शेजारी पाठवलं. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश नाही! वाटलं, मुलं दंगा करत असतील.

खांब आतल्या खोलीतून आला तो आम्ही वर गेलो त्या दिवशीचा शर्ट घालून. समोर बसला. मी तोंड उघडणार तर हात वर केला.

"सर, तुम्ही नका बोलू. तुम्हाला त्रास नको. तुमची गाडी वळताना खिडकीतून दिसली. तुम्ही जिना चढताय तोवर मी फोन करून हो म्हणून टाकलं."

कुणाला? तर दोन डिव्हिजन खालच्या एका क्लबाला. त्याच्या सासुरवाडीजवळचा, पत्र्याच्या छपराची ड्रेसिंग रूम असलेला. ते महिनाभर त्याच्या मागे लागले होते, हा त्यांना टांगून ठेवत होता. म्हणाला, "काढला म्हणून जायचं नव्हतं मला. स्वतः निघालो म्हणून जायचं होतं."

चहा पुढ्यात आला. त्याची बायको डोळे पुसत म्हणाली की सर स्वतः घरी आले हेच पुष्कळ आहे. मी अजून काही सांगितलंसुद्धा नव्हतं! आणि तो इतका ताठ बसला होता, इतका शांत. कुठल्या तोंडाने म्हणू की बाबा, मी तुला ठेवायला आलो होतो? चहा संपवला. तो उठल्यावर उठलो.

खाली गाडीत बसलो आणि किल्ली कुठे लावायची तेच कळेना.

१० जून, मंगळवार

हिला सगळं सांगितलं. आधी हसली. खूप हसली. मग एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, त्याला सांगा. मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग, उगाच जिवाला लागेल त्याच्या. ही म्हणाली, "आपण हवे होतो हे माणसाला कळायला नको?"

मग मी कधी करत नाही ते केलं. फोन.

सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे मी हवा होतो?"

"होतास. अजून वर्षभर. कप्तान म्हणून."

शब्द मागे घेता येईल का, विचारून पाहिलं. नाही म्हणाला, दिला तो दिला. मला माहीत होतं तो असंच म्हणणार, आणि म्हणाला म्हणून बरंही वाटलं. असा कप्तान मी घडवलाय! फोन ठेवता ठेवता हसला. पुढच्या वेळी गाडी जरा लांब लावा, म्हणाला.

१४ जून, शनिवार

मधल्या फळीतला पोरगा आला. त्याला मैदान दाखवायला नेलं. दोन फेऱ्या मारल्या, त्याला घामही नाही. सही झाली. माझी निवड!

बाकीच्या दोघांचं अडकलंय. अध्यक्षांची सही राहिलीय म्हणे. माझीही राहिलीय.

१९ जून, गुरुवार

अध्यक्षांचा फोन. स्वतःहून. रविवारी पाच वाजता येऊ का, म्हणाले. घरी.

तीन वर्षांत एकदाही आमच्या घरी आलेले नाहीत.

२१ जून, शनिवार

ही बिस्किटं आणून ठेवतेय आणि मी भाषण पाठ करतोय. त्यांनी तोंड उघडायच्या आत आपणच सांगून मोकळं व्हायचं. मी जातो, मास्तरला ठेवा, त्या दोन पोरांच्या सह्या करा. खांबासारखं. मान ताठ ठेवून.

हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, खांबाचं काय झालं ते विसरलात? करार घेऊन येत असतील तर? कप रिकामा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्यांना बोलू द्या.

खरंच की. हे डोक्यातच आलं नव्हतं. उगाच आशा लावून गेली मात्र.

२२ जून, रविवार

एकटेच आले. गाडी स्वतः चालवत. ड्रायव्हर नाही, जावई नाही. गाडी पार कोपऱ्यावर लावली होती. बूट बाहेर काढले.

मी तोंड उघडलं नाही. चहा झाला. बिस्किट हातात धरून बसले, खाल्लं नाही. मग म्हणाले, "तुमच्यामुळेच वर आलो आपण. पण वरचा खेळ वेगळा."

माझंच वाक्य! त्यांना माहीत नसणार. चेंडू चौकोनी असतो का, हे ओठावर आलं होतं. गिळलं. टायवाला पुढच्या आठवड्यात येतोय. जावयांचा आग्रह, बँकेचा आग्रह, असं काहीबाही सांगत होते. मग म्हणाले, त्या दिवशी तुम्ही गेटची गोष्ट सांगितलीत, म्हणून आलो. फोन हातात घेतला होता, पण नाही जमलं. डोळे भरले होते त्यांचे. वाईट नाही माणूस.

राग आला का? आला. तीन वर्षं घासली आणि फळ खायला दुसरा! पण खोटं कशाला लिहू, त्यांना माझ्या सोफ्यावर तसं बसलेलं पाहून कुठेतरी बरंही वाटलं. इतकी वर्षं मी एकटाच जात होतो लोकांच्या घरी. आज कुणीतरी माझ्या घरी आलं.

मास्तरला ठेवणार, पोरांच्या सह्या करणार, असा शब्द घेतला. त्यानंतरही ते बसूनच. समोरचा उठल्याशिवाय उठायचं नाही, हेही मीच कधीतरी सांगितलं असणार. शेवटी मीच उठलो, नाहीतर बिचारे जेवायच्या वेळेपर्यंत बसले असते.

२३ जून, सोमवार

फ्रिजवरचा फोटो काढायला गेलो. हिने हातावर चापट मारली.

२६ जून, गुरुवार

पडदे शिवून आले. बरोबर मापात. ही स्टुलावर चढून लावत होती आणि मी खालून कड्या देत होतो.

दोन क्लबांचे फोन आले. चांगले आहेत, पण लांब. हिला सांगितले नाहीत.

२९ जून, रविवार

सकाळी ही खिडकीतून म्हणाली, खांब येतोय, एकटाच, इस्त्रीचा शर्ट घालून. धसकाच घेतला मी. माझ्याजवळ काढून घेण्यासारखं काहीही उरलेलं नसताना! दार उघडलं. तो पायरीवर वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. माझा चेहरा पाहिला आणि हसायलाच लागला.

"सर, घाबरू नका. काढायला नाही आलो."

त्याच्या नव्या क्लबाकडे मॅनेजर नाही. बसने पाऊण तास, वहिनींना शाळा सोडावी लागणार नाही, हेही बघून आलेला. छप्पर गळतं म्हणाला, ते आधीच सांगतो. पण आम्हाला तुम्ही हवेत.

त्याला पाणीही न विचारता हो म्हणून मोकळा झालो.